एका गुंठ्यातलं मिग

राहुरीत कोणतीही वस्तू दाखवली की माणूस दोनच गोष्टी विचारतो. केवढ्याला पडली? आणि देते काय? म्हैस असो, मोटार असो, नाहीतर पोराची इंजिनिअरिंगची सीट असो, यातून कोणाची सुटका नाही. त्यात गैरही काही नाही. मुळा धरणाच्या पाण्यावर वाढलेला हा तालुका. इथं एकरी टन किती आणि साखरेचा उतारा किती टक्के, यावर माणसाची पत ठरते. अशा गावात प्लॅस्टिकचं जेट विमान जोडत बसणाऱ्याची पत काय असेल, हे मी सांगायला नको. माझ्या टेबलावरचं मिग-२१ पाहिलं की पाहुणा केवढ्याला पडलं ते विचारतो, देतं काय ते विचारतो आणि मग खास विमानासाठी राखून ठेवलेला प्रश्न काढतो. "उडतं का?"

उडत नाही. "मग चालतं तरी?" चालतही नाही, चाकं चिकटवलेली आहेत. "रिमोटवर?" नाही. "दिवे लागत असतील." नाही. पाहुणा थोडा वेळ विमानाकडे बघतो, थोडा वेळ माझ्याकडे बघतो आणि आत जाऊन खालच्या आवाजात आमच्या सौभाग्यवतींना विचारतो, "सरांची तब्येत बरीय ना?"

वास्तविक हा सगळा मामला राहुरीकराला चटकन समजावा असाच आहे, कारण तो मोजमापाचा आहे. माझं विमान १/७२ मापाचं. खऱ्या सहा फुटांचा इथं एक इंच होतो. हे माप विलायतेतल्या फूट-इंचांतून आलं आणि मीटरवाल्या जपान्यांनीही ते तक्रार न करता चालवून घेतलं. खरं मिग-२१, त्यातला माझा 'बिस' प्रकार, १४.७ मीटर लांब, पंखांच्या टोकांमधलं अंतर ७.१५ मीटर. बहात्तराने भागलं की वीस सेंटिमीटर लांबी आणि दहा सेंटिमीटर रुंदी उरते. पण सेंटिमीटर म्हटलं की समोरचा जांभई देतो, म्हणून मी आता गुंठ्यात सांगतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्यात हे विमान सरळ उभं राहत नाही. तिरकं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लावावं तर कर्ण भरतो १४.२ मीटर. म्हणजे अर्धा मीटर शेपूट शेजाऱ्याच्या बांधावर. इथपर्यंत आलो की श्रोता खडबडून जागा होतो. "मग मोजणी आणली का?"

याच हिशोबाने एक एकर ऊस पाऊण चौरस मीटरमध्ये मावतो. माझ्या टेबलावर विमानाऐवजी ऊस केला असता तर चार-पाच सेंटिमीटर उंचीचं एकरभर पीक आलं असतं आणि तोडणीची टोळीही चिमट्याने लावता आली असती. ही कल्पना ज्यांना ऐकवली त्यांच्यापैकी एकालाही ती विनोदी वाटली नाही. पाणी कसं देणार, एवढंच विचारलं गेलं.

नावाचाही घोळ आहे. चौकात एका बागायतदारांनी 'मिग-२१' हे शब्द अर्धवट ऐकले आणि आपुलकीने विचारलं, "लागण कधीची? आडसाली का पूर्वहंगामी?" त्यांना कशाला हसायचं? १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ ज्या गावाच्या उशाला आहे, तिथं आकडा म्हणजे वाण. को ८६०३२ आहे, फुले २६५ आहे, त्यात आणखी एक २१ आला असेल. मी म्हटलं, "हे वाण आता बंद झालं." ते म्हणाले, "तरीच. तांबेरा येत असंल."

बंद झालं हे मात्र खरं. १९६३ मध्ये चंडीगडला हवाई दलात आलेलं मिग-२१ तिथंच, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, समारंभाने निवृत्त झालं. बासष्ट वर्षांची नोकरी! सरकारी खात्यात एवढी कोणाला मिळत नाही. तसं हे विमान आपल्याच पट्ट्यातलं. इथून शिर्डी, सिन्नर करत नाशिक गाठावं आणि पुढे ओझरला जावं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना तिथं विमानांचा कारखाना उभा राहिला आणि द्राक्षांच्या निफाड तालुक्यात ध्वनीच्या दुप्पट वेगाची विमानं पिकायला लागली. एफएल, एम आणि बिस अशी तीन प्रकारची मिग-२१ ओझरला तयार झाली. इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून यायची. यात मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट अशी की, ओझरची पहिली विमानं रशियातून सुट्या भागांत आली होती. तिथल्या लोकांनी ती आधी नुसती जोडली, मग हळूहळू कच्च्या मालापासून करायला घेतली. थोडक्यात, सुरुवात त्यांचीही किटपासूनच. त्यांना महिन्याला पगार मिळत होता आणि मला थिनरचा वास मिळतो, एवढाच काय तो फरक.

माझं किट झेक प्रजासत्ताकातून आलं. तिथंही एके काळी मिग-२१ बनत होतं, तेव्हा हातगुण चांगला असणार. केवढ्याला पडलं, याचं उत्तर मी टनात देतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, टनाला ३,५५० रुपये. किट, रंग, गोंद आणि कुरिअर मिळून एका टनाच्या थोडं वर गेलं. माझ्या विमानाचा उतारा शून्य टक्के आहे, हे मी स्वतःच सांगून टाकतो. त्यामुळे पुढचा अपमान टळतो.

खोका उघडला की आत विमान नसतं. प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना कैऱ्या लगडाव्यात तसे भाग लगडलेले असतात. ते एकेक खुडायचे, काचपेपरने घासायचे आणि जोडायचे. गोंद म्हणून जो मिळतो तो खरं तर गोंद नाहीच. तो प्लॅस्टिक विरघळवतो, दोन्ही कडा क्षणभर ओल्या होऊन एकजीव होतात आणि द्रव उडून जातो. म्हणजे ही वेल्डिंगच, फक्त गॉगल नाही. वेल्डिंग म्हटल्यावर मात्र राहुरीत माझी किंमत जरा वाढली. आमच्याकडे ट्रॉली, नांगर, गेट असं काहीही वेल्डिंग करणाऱ्याला समाजात स्थान आहे.

सामानासाठी मी गावाबाहेर फारसा गेलो नाही. हातमोजे आणि मास्क आणायला कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदाराने सवयीने विचारलं, "कशावर मारायचंय, सर?"

"विमानावर."

"विमानातनं?"

"विमानावर."

तो क्षणभर थांबला. मग समजूतदारपणे म्हणाला, "ड्रोनला स्कीम आहे. विमानाला अजून आली नाही." आणि वर एक टोपी फुकट दिली.

रंग मारायला एअरब्रश लागतो. त्याचं तोंड सुईच्या अग्राएवढं आणि हवा पंधरा-वीस पौंड. घरच्या कॉम्प्रेसरचा योग येईपर्यंत मी ट्रकच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याचा कॉम्प्रेसर शंभराच्या पुढेच श्वास घेतो. "किती भरू?" "पंधरा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "सर, सायकलला चाळीस लागती." त्या नजरेत जी दया होती, ती माझी पगारवाढ नाकारली गेल्यावरसुद्धा मी कोणाच्या नजरेत पाहिलेली नाही.

शिशाचा प्रसंग मुळा धरणावरचा. मिग-२१ तीन चाकांवर उभं राहतं. खऱ्या विमानात इंजिन मागे असलं तरी पुढे रडार, वैमानिक, यंत्रं असा ऐवज असतो, म्हणून तोल राहतो. मॉडेल आतून पोकळ, आणि सगळं वजन मागच्या दोन चाकांच्याही मागे. नाकात काही भरलं नाही तर विमान शेपटीवर बसतं आणि नाक वर करून आढ्याकडे बघत राहतं. जगभरचे मॉडेलवाले नाकात मासेमारीची शिशं भरतात, असं वाचलं होतं. मासेमारीला आपल्याकडे काय तोटा! बारागाव नांदूरच्या बाजूला जाळी सुकवत बसलेल्या एका गृहस्थांकडे मी शिशाच्या चार गोळ्या मागितल्या. त्यांनी आठ दिल्या आणि गळाला कोणतं आमिष लावणार, ते विचारलं. खऱ्या मिगच्या नाकातल्या शंकूत रडार असतं, माझ्या मिगच्या शंकूत मुळा धरणाचं शिसं आहे. विमान ठामपणे तीन पायांवर उभं आहे.

सगळ्यात कडक परीक्षक भेटला तो डेंटिंग-पेंटिंगवाला. मिग-२१ चं धड म्हणजे मधोमध उभी चिरलेली नळी. डावा भाग, उजवा भाग आणि मधे वरून खालून धावणारा सांधा. खऱ्या विमानाला असा सांधा नसतो, तेव्हा तो बुजवावा लागतो. मी विमान त्याच्या हातात दिलं. त्याने ते उन्हाला धरलं, एक डोळा मिटला आणि अंगठा फिरवला. "ॲक्सिडेंटची गाडी आहे का?"

"नवं आहे हो."

"मग ही रेघ का दिसती? दोन गाड्या जोडून एक केल्यावर अशी रेघ दिसती. आरटीओ पकडंल."

मग त्याने मला लांबी, म्हणजे पुट्टी, भरायला शिकवली. पातळ हात, वाळवण, पुन्हा पातळ हात. चारशेचा पेपर, सहाशेचा, हजारचा, पाण्यात बुडवून, बोटाच्या पेराने. हे ज्ञान परदेशी पुस्तकांत शंभर फोटोंसह दिलेलं असतं. इथं ते एका बोनेटवर बसून, चहाच्या बोलीवर मिळालं. निघताना त्याने एस्टिमेटही सांगितलं. "पूर्ण बॉडी, डबल कोट, तुमच्यासाठी म्हणून..." आणि विमानाची लांबी पुन्हा एकदा बघून गप्प झाला. एवढ्या लहान कामाचा दर त्याच्या धंद्यात नव्हता.

शेजारच्या काकांचं दुःख वेगळं. त्यांनी कांदिवलीच्या अमोल यादवांची बातमी जपून ठेवली आहे. यादव वैमानिक. त्यांनी चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं खरं विमान बांधलं, २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं आणि पुढे त्याची सरकारदरबारी नोंदणीही मिळवली. काका महिन्यातून एकदा तरी म्हणतात, "बघा, मुंबईसारख्या ठिकाणी, जागा नाही तिथं माणसानं खरं विमान केलं. तुमची गच्ची तर चांगली मोठी आहे." मी म्हणतो, गच्चीवर पाण्याची टाकी आणि पापड असतात. काका म्हणतात, "कारणं." चौपाटीवर १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपद्यांनी विमान उडवल्याचा दावाही ते अधूनमधून काढतात. त्याला ठोस पुरावा नाही, असं मी एकदा म्हणालो. "तुमच्याला तरी कुठं आहे?" काका म्हणाले. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आता रंग. भारतीय हवाई दलाचं वर्तुळ म्हणजे बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा. हे पाण्यात भिजवून सरकवायचे पातळ छाप असतात. ते जागेवर बसवायचं काम आमच्या घरात सौभाग्यवतींकडे गेलं, कारण रांगोळीच्या बोटांना कंप नसतो. अडचण आली ती केशरी रंगाची. परदेशी छापखान्यांना आपला केशरी जमेलच असं नाही. कधी तो संत्र्याकडे झुकतो, कधी विटेकडे. आणि राहुरीसारख्या गावात, जिथं चौकाचौकात कायमची एक तरी पताका असते, तिथं केशरी रंगावर मत नसलेला माणूस सापडणं अवघड. दाखवायला म्हणून चार जणांना बोलावलं. हा केशरी नाही, भगवा आहे, असं दोघांनी सांगितलं. दोन्ही नाही, हा शेंदरी, असं तिसरा म्हणाला. चौथ्याने खिशातून उपरणं काढून विमानाशेजारी धरलं. सभा तहकूब झाली तेव्हा हिरव्याकडे कोणाचं लक्षच गेलेलं नव्हतं.

बाकी अंगाचा रंग सोपा असेल असं वाटतं, पण नाही. १९७१ च्या युद्धाआधी आपली मिग-२१ एफएल चंदेरी होती. लढाईच्या तोंडावर ती झाकायला ज्या त्या तुकडीने हाताशी असलेल्या रंगाने, जमेल तसे पट्टे मारले. त्यामुळे आज कुठला पट्टा कुठून कुठे जात होता, यावर जगभरचे मॉडेलवाले भांडू शकतात आणि भांडतात. मी पुढच्या काळातलं बिस घेतलं, ते थोडं शांततेसाठीच.

आणि मग येतो या छंदाचा असा भाग, जो आमच्या गावाला अजिबात पटत नाही. विमान नवंकोरं रंगवून झालं की ते मळवायचं असतं. पत्र्यांच्या रेघांत पातळ काळपट रंग सोडायचा, तोफेच्या तोंडाशी धूर दाखवायचा, पंखाच्या मुळाशी पाय घासल्याचे डाग द्यायचे, टायरला धूळ लावायची. कोऱ्या विमानाला या मंडळींत खेळणं म्हणतात. उलट आमच्याकडे वीस वर्षांचा ट्रॅक्टर पोळ्याच्या आधी पेंट करून, रिबिनी लावून, कालच शोरूममधून निघाल्यासारखा उभा करतात. जुनं नवं दिसावं यासाठी अख्खा तालुका झटतो. नव्याला जुनं करणारा मी एकटा.

पण मळवायचं साहित्य मात्र गावच पुरवतं. परदेशी दुकानांत धुळीच्या बाटल्या मिळतात. खरंच, लेबल लावलेल्या, 'वाळवंटी', 'युरोपियन' वगैरे. माझ्याकडे नगर-मनमाड रस्ता आहे. खिडकी अर्धा तास उघडी ठेवली की धूळ चाळूनच आत येते. गळीत हंगामात धुराड्यांची बारीक काजळी गच्चीवर पडते. धुणं वाळत घालणारे तिला शिव्या देतात, मी ती पोस्टकार्डाने गोळा करून औषधाच्या बाटलीत भरतो. इंजिनाच्या नळीला तिच्यासारखा काळा दुसरा नाही.

एवढ्यात मामा आले. मामा म्हणजे सौभाग्यवतींचे मामा. उभं आयुष्य हवाई दलात विमानांच्या देखभालीत गेलं. कुठे होते, ते निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही सांगत नाहीत. "उत्तरेला," एवढंच. त्यांनी टेबलाजवळ येऊन चष्मा चढवला आणि मी नेमका तेव्हाच नाकाशेजारचं इवलंसं पातं चिमट्यात धरलं होतं. दोन मिलिमीटरचं असेल. चिमटा जरा आवळला गेला, 'टिक्' असा आवाज झाला आणि पातं गेलं.

असं पातं गेलं की गेलंच, नवीन तारेचं करायचं, असा या छंदातला रिवाज. पण मामांचा आवाज एकदम बदलला.

"कोणी जागचं हलायचं नाही!"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात कढईसह थांबल्या. मुलगी सोफ्यावर एक पाय खाली, एक वर अशी थिजली. दूधवाला मोजून माप ओतत होता, त्याची धार हवेत थांबली असती तर थांबवली असती. मामांनी नियम सांगितला. हवाई दलात एक पाना, एक स्क्रू जरी हरवला तरी तो सापडेपर्यंत विमान उडत नाही. धावपट्टीवरचा खडा इंजिनात ओढला गेला तर इंजिन जातं. म्हणून रोज सकाळी माणसं खांद्याला खांदा लावून, खाली बघत धावपट्टीवरून चालतात.

"मामा, हे उडणारच नाहीये," मी म्हणालो.

"जावईबापू, तुमच्या अशा विचारानंच अपघात होतात."

मग आमच्या दिवाणखान्यात ओळ लागली. सासूबाई, सौभाग्यवती, मुलगी, मी आणि दूधवाला. मामा कडेने चालत होते. एक पाऊल, थांबा, बघा. एक पाऊल, थांबा, बघा. भिंतीपासून देव्हाऱ्यापर्यंत, वळून परत. सासूबाईंची एका लग्नात हरवलेली कुड्याची फिरकी सापडली. मार्चचं वीजबिल सापडलं. तापाची एक गोळी, दोन रुपयांचं नाणं आणि लुडोची पिवळी सोंगटी सापडली. सासूबाई फिरकी पदराला बांधत म्हणाल्या, "चला, या विमानानं काहीतरी दिलं." पातं काही मिळेना. दूधवाला घड्याळाकडे बघायला लागला, तशी मामांनी त्याला एक कडक नजर दिली आणि तो पुन्हा ओळीत आला. दुसऱ्या फेरीत मुलीने बोट दाखवलं. पातं मामांच्याच पायजम्याच्या दुमडीत बसलं होतं.

मामांनी ते शांतपणे काढून बशीत ठेवलं. "नोंद करा," म्हणाले. मुलीच्या वहीत तारीख, वेळ, वस्तू, सापडल्याचं ठिकाण, सगळं लिहिलं गेलं. ठिकाणापुढे मामांनी 'कर्मचारी' असा मोघम शब्द घातला.

मग त्यांनी विमान हातात घेतलं. शिशामुळे आलेलं वजन त्यांना आवडलं. सांधा दिसला नाही, तेव्हा मान हलली. आणि मग त्यांना पंखाच्या मुळाशी माझे डाग दिसले.

"हे काय?"

"मळवलंय, मामा. वापरात असल्यासारखं दिसावं म्हणून."

"मळवलंय?" मामा खुर्चीत बसले. "अहो, आमचं आयुष्य गेलं हे पुसण्यात. थंडीत बोटं फुटायची पुसून पुसून. आणि तुम्ही पैसे देऊन घाण लावताय?"

घरात शांतता पसरली. विषय बदलायला म्हणून मी चहाचं विचारलं. मामांनी उत्तर दिलं नाही. ते विमान खिडकीपाशी घेऊन गेले, उलटं केलं, पोटाकडून बघितलं, पुन्हा सुलटं केलं.

"शिवाय घाण चुकीच्या जागी आहे."

"म्हणजे?"

"इथं कोण कशाला पाय देईल? इथं शिडी असते. डाग येतो तो..." त्यांनी हात पुढे केला. मी ब्रश दिला. मामांनी काजळीची बाटली हुंगली, पसंत केली आणि कामाला लागले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ किंचित बाहेर. चहा थंड झाला. पंखाखाली एक डाग, चाकाच्या दारापाशी दोन ओघळ, पाठीवर एका झाकणाभोवती बोटांचे ठसे, आणि एक जागा अशी की ती तिथं मळत असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं. पण मळवल्यावर विमान असं काही दिसायला लागलं की दूधवालासुद्धा म्हणाला, "आता वाटतंय."

मामांनी ब्रश खाली ठेवला आणि एकदम सावध झाले. आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं. "हे आपल्यात. कुठं बोलायचं नाही. आणि जावईबापू, तुम्हाला लिहायची खोड आहे. छापायचं तर मुळीच नाही."

"मामा, विमान निवृत्त झालंय आता."

"विमान झालंय. नियम नाही झाला."

तेव्हा मिग-२१ खरोखर कुठं कुठं मळतं, ते मला इथं देता येत नाही. दूधवाल्याला ते सगळं ठाऊक आहे. पण त्याच्याकडूनही मामांनी तोंडी हमी घेतली आहे आणि वहीत सही.